घरांतील उतारूंची गाडी

अनुकरण हा मनुष्याचा जन्मसिद्ध स्वभाव आहे आणि अनुकृति पाहून होणारा आनंदही त्याला जन्मतःच लाभलेला आहे, असें अॅरिस्टॉटलनें आपल्या काव्यविषयक ग्रंथांत सांगून ठेविलें आहे. काव्य, नाट्य, चित्र, शिल्प या कलांचा विचार आपल्याकडे या दृष्टीनें पुष्कळ झाला. परंतु एका अनुकृतीकडे सुशिक्षित घरांतून पोरखेळ म्हणूनच पाहिलें जातें व टीकाकाराची नजर तिच्याकडे क्वचितच वळते. ही अनुकृति म्हणजे घरांत मांडावयाची छोटी आगगाडी. तिच्यांतही आम्ही येथें उतारूंच्या गाडीचाच विचार करणार आहों. कारण या कलेंत नव्यानें पाऊल टाकणाराची खरी कसोटी तेथेंच लागते, असें आमचें मत आहे.

कोल्हापूरकरांच्या दृष्टीनें या विषयांत एक मौजेचा योगायोग आहे. १८९१ सालीं करवीर संस्थानाच्या मालकीची मिरज-कोल्हापूर ही मीटर गेजची आगगाडी सुरू झाली. आणि त्याच वर्षीं जर्मनींतील मेर्क्लिन कारखान्यानें लाइपझिगच्या जत्रेंत किल्लीवर चालणारी एक छोटी गाडी मांडली. तिचे रूळ ठराविक मापाचे होते व वाटेल तेव्हां आणखी घेऊन ते वाढवितां येत. तोंपर्यंत खेळण्यांतली गाडी हा एक सुटा नग होता; त्यानंतर ती वाढत जाणारी व्यवस्था झाली. खरी आगगाडी ज्या वर्षीं आमच्या गांवीं आली, त्याच वर्षीं छोट्या आगगाडीनें घरोघर पसरण्याची सोय करून घेतली. पण पुढें दोघींची गांठ पडली नाहीं. आमच्या घरांत छोटी गाडी आली ती परदेशी पेटींतून, आणि आजही बहुधा तशीच येते: इंजिन जर्मनीचें किंवा अमेरिकेचें, डबे तिकडचे, स्टेशनाचें छप्पर बर्फ घसरून पडावें म्हणून चांगलें उतरतें केलेलें. मिरजेहून कोल्हापुरास येणारी पॅसेंजर त्या रुळांवर कधीं येत नाहीं. ती कशी यावी, आणि ती यावी म्हणून नवशिक्यानें काय सोडावें व काय धरावें, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शोभेची वस्तु, खेळणें आणि प्रतिकृति यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यांतील शिंदे सरकारांची चांदीची आगगाडी प्रसिद्धच आहे. भोजनाच्या टेबलावरून मद्य व चिरूट घेऊन ती पाहुण्यांपुढें फिरे. तिच्याकडे पाहून डोळे दिपतात, कारागिराचें कौतुक वाटतें. परंतु ही गाडी कोणत्या स्टेशनाहून सुटली, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. ती कोठूनच सुटलेली नाहीं. ती शोभेची वस्तु. किल्लीची गाडी घेऊन जमिनीवर पालथें पडलेलें मूल त्या गाडींत स्वतःची कल्पना ओतीत असतें. गाडी कशीही असली तरी त्याचें भागतें. तें खेळणें. प्रतिकृति या दोहोंहून निराळी आहे. ती बाहेरच्या एका खऱ्या वस्तूला जबाबदार असते. ती खरी उतरली आहे काय, असें विचारतां येतें, आणि विचारतां येतें म्हणूनच तिच्यावर टीका संभवते. ज्या वस्तूची चूक काढतां येत नाहीं, तिच्या स्तुतीलाही किंमत नसते.

आतां उतारूंच्या गाडीचीच निवड कां? जुनी मालगाडी म्हणजे वाटेंत भेटलेल्या वाघिणींचा घोळका. त्यांत एखादी कमी झाली, एखादी परक्या घराण्याची आली, तरी पाहणाराच्या डोळ्यांना तें खुपत नाहीं. म्हणूनच पुष्कळ हौशी मंडळी मालगाडीपासून आरंभ करतात. उतारूंच्या गाडीला मात्र नांव असतें, वेळ असते, डब्यांचा क्रम असतो आणि रंगही ठरलेला असतो. ती माणसें वाहते, आणि माणसांचे वर्ग, सोयी व गैरसोयी डब्यांच्या खिडक्यांतून दिसतात. एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. मुंबई-पुण्याची दख्खनची राणी १ जून १९३० रोजीं सुरू झाली. त्या वेळीं तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी व लाल, दुसरा निळा व सोनेरी रेघांचा. गाडींत पहिला व दुसरा हे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाला तिचें दार १९५५ सालीं उघडलें. १९६६ सालीं पेरांबूरचे पोलादी डबे आले, आणि २०२२ सालीं जर्मन पद्धतीचे एल्. एच्. बी. डबे लागले. तेव्हां 'मी दख्खनची राणी करणार' असें म्हणणारानें अजून कांहींच ठरविलेलें नसतें. कोणत्या सालची, हें सांगेपर्यंत त्याच्या विधानाला अर्थ येत नाहीं. रुपेरी डब्यांच्या मागें तिसऱ्या वर्गाचा डबा जोडणें म्हणजे शिवकालीन नाटकांतील मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखें आहे. नवशिक्यानें रूळ विकत घेण्यापूर्वीं तीन गोष्टी कागदावर लिहाव्या: स्थळ कोणतें, साल कोणतें, आणि गाडी कोणती. या तीन शब्दांना पैसा पडत नाहीं; पण ते लिहिले नाहींत तर पुढें केलेला सर्व खर्च पोरकट ठरतो.

यानंतर लांबीचा प्रश्न येतो. घरगुती रेल्वेंत सर्वांत रुळलेलें प्रमाण म्हणजे एच्. ओ.; यांत प्रत्येक वस्तु मुळाच्या ८७ पट लहान करतात. पेरांबूरच्या जुन्या नमुन्याचा डबा सुमारें २१.३ मीटर लांब असतो. तो या प्रमाणांत साडेचोवीस सेंटिमीटर होतो. एल्. एच्. बी. डबा सुमारें २३.५ मीटरांचा, म्हणजे सत्तावीस सेंटिमीटरांचा. अशा २४ डब्यांची आजची लांब पल्ल्याची गाडी हुबेहूब करूं म्हटलें, तर इंजिन सोडूनच ती साडेसहा मीटर भरेल. मध्यम वर्गाच्या घरांतील दिवाणखानाही तिला पुरणार नाहीं. आणि पुरला तरी ती एका दृष्टिक्षेपांत मावणार नाहीं. अॅरिस्टॉटलनें सौंदर्याच्या विचारांत आकाराला फार महत्त्व दिलें आहे. सहस्र कोस लांबीचा प्राणी सुंदर म्हणतां येणार नाहीं, कारण त्याची एकता डोळ्यांना जाणवणारच नाहीं, अशा अर्थाचें त्याचें म्हणणें आहे. छोट्या गाडीला हा नियम अक्षरशः लागू पडतो. येथें संक्षेप ही केवळ जागेची अडचण नाहीं; संक्षेपावांचून कलाच संभवत नाहीं.

पण संक्षेप कशाचा करावा? येथें दोन मार्ग दिसतात. कांहीं कारखानदार डब्यांचीच लांबी कमी करतात. रुंदी व उंची प्रमाणांत ठेवून लांबीला मात्र कात्री लावतात. असे डबे आखूड वळणावर सहज वळतात हें खरें. पण त्यांचा चेहरा बिघडतो. दोन खिडक्या कमी झालेला डबा ओळखीचा राहत नाहीं. दुसरा मार्ग डबे पूर्ण लांबीचे ठेवून त्यांची संख्या कमी करण्याचा. आमच्या मतें हाच श्रेष्ठ होय. वाक्य लहान करावयाचें असेल तर शब्द गाळावे, अक्षरें गाळूं नयेत. मात्र शब्द गाळतांनाही अर्थ राहिला पाहिजे. नवशिके येथें एक ठराविक प्रमाद करतात. एक वातानुकूलित डबा, एक शयनाचा, एक साधा, एक भोजनाचा, असे प्रत्येक जातीचे एकेक डबे जोडून ते गाडी करतात. ती गाडी नव्हे, तो दुकानदाराचा नमुन्यांचा पेटारा झाला. मूळ गाडींत ज्या वर्गाचे डबे सर्वांत अधिक असतील त्यांचेंच आधिक्य संक्षेपांतही टिकलें पाहिजे. साधी पॅसेंजर करावयाची असेल तर एक गार्डाचा व सामानाचा डबा आणि तीन साध्या वर्गाचे डबे, एवढ्यानें तिचा स्वभाव पुरता व्यक्त होतो. चार डबे म्हणजे ९८ सेंटिमीटर. अमेरिकेंतील आल्को कंपनीनें १९६२ सालीं प्रथम पुरविलेलें व पुढें वाराणसीस तयार होऊं लागलेलें डब्ल्यू. डी. एम्. २ जातीचें डिझेल इंजिन पुढें जोडलें तर त्याचे आणखी सुमारें वीस. सव्वा मीटरच्या आंत एक पूर्ण गाडी उभी राहते, आणि ती एका नजरेंत मावते.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याविषयीं बाजारांत कोणी आपण होऊन सांगत नाहीं. एच्. ओ. चे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात. कारण युरोप-अमेरिकेंतील १४३५ मिलिमीटरांच्या रुळांचा तो ८७ वा भाग आहे. आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरांचा. त्याचा ८७ वा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर येतो. म्हणजे आपला डबा प्रमाणशीर करून बाजारच्या रुळांवर ठेवला, कीं रूळ एक सप्तमांशानें अरुंद पडतात व भारदस्त डबा दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा दिसूं लागतो. हा दोष मोठा कीं लहान? इंग्रजांकडे पाहावें. त्यांच्याकडे रूढ असलेलें ओ. ओ. प्रमाण ७६ पटींचें आहे, पण तेही साडेसोळा मिलिमीटरांचेच रूळ वापरतात; वास्तविक त्यांना १८.८३ मिलिमीटर हवेत. हा दोष त्यांनीं पिढ्यान् पिढ्या चालवून घेतला आहे, आणि ज्यांना तो सोसवला नाहीं त्यांनीं बरोबर मापाचे रूळ हातानें घालण्याचा पंथ काढला. नवशिक्यानें पहिल्या गाडीपुरता हा दोष जाणून पत्करावा. बाजूनें पाहतांना तो दिसत नाहीं, समोरून पाहतांना दिसतो. म्हणून मांडणी अशी करावी कीं गाडी मुख्यतः बाजूनें दिसेल. दोष न कळणें व दोष कळून सोसणें यांत अडाणीपणा व कला यांचें अंतर आहे.

मौजेची गोष्ट अशी कीं, जुन्या कोल्हापुरास ही अडचण जवळजवळ नाहींच. १९७१ सालीं पुणें-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला. तत्पूर्वीं ८० वर्षें येथें मीटर गेजची गाडी येत असे. एक मीटरचा ८७ वा भाग साडेअकरा मिलिमीटर होतो, आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरी गाड्यांसाठीं युरोपांत बारा मिलिमीटरांचे एच्. ओ. रूळ तयार मिळतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. जी गाडी कायमची गेली तिच्यासाठीं रूळ बरोबर मिळतात, आणि जी दररोज येते तिच्यासाठीं मिळत नाहींत! डबे मात्र दोन्ही बाबतींत बहुधा स्वतःच्या हातानें करावे लागतात. जाड कागद किंवा प्लास्टिकचा पातळ पत्रा कापून डब्याची भिंत करावी, चाकांचे सांगाडे विकत घ्यावे. पहिल्या डब्याला यापेक्षां अधिक सामग्री लागत नाहीं. डबा हलका झाला तर तो रुळावरून उतरतो. अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेची शिफारस अशी आहे कीं एच्. ओ. डब्याचें वजन एक औंस आणि लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असावें. या हिशेबानें आपला साडेचोवीस सेंटिमीटरांचा डबा १६५ ग्रॅमच्या आसपास भरावा. चारही डब्यांचें वजन सारखें ठेवलें कीं निम्मे अपघात आपोआप टळतात.

आतां मांडणी. परदेशी पेटींतून रुळांचें एक वर्तुळ येतें व बहुतेकांची रेल्वे त्या वर्तुळांतच संपते. गाडी फिरते, फिरते, आणि पांचव्या फेरीस घरांतील मोठीं माणसें उठून जातात. त्यांना दोष देतां येत नाहीं. उतारूंची गाडी कोठें तरी जाण्यासाठीं असते. स्वतःच्याच शेपटीमागें धांवणारी गाडी कोणत्याही उतारूस कोठेंही पोंचवीत नाहीं. शिवाय हें वर्तुळ लांब डब्यांचा वैरी आहे. डबे नीट चालावे व बरे दिसावे यासाठीं वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट तरी असावी, असा जाणत्यांचा संकेत आहे. आपल्या डब्याला ती पाऊण मीटरच्या घरांत जाते. पेटींतील वळणें बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतात.

याचें उत्तर कोल्हापूरच्या स्टेशनांतच आहे. हें शेवटचें स्टेशन; आजही रूळ येथेंच संपतात. घरगुती रेल्वेला शेवटच्या स्टेशनासारखें दुसरें अनुकूल स्थळ नाहीं. भिंतीलगत दीड फूट रुंदीची फळी बसवावी. तिच्या एका टोकास स्टेशन, आणि दुसऱ्या टोकास एक पडदा किंवा पुठ्ठ्याची टेकडी. पडद्यामागें गाडी उभी राहील एवढे दोन-तीन रूळ. चार डब्यांच्या गाडीला पडद्यामागें सव्वा मीटर, फलाटास एक मीटर आणि दोन्ही बाजूंच्या सांध्यांस मिळून एक मीटर, अशी सव्वातीन मीटरांची भिंत पुरते. तेवढीही नसेल त्यानें १६० पटींचें एन प्रमाण घ्यावें. सर्व कांहीं जवळजवळ निम्म्या जागेंत बसेल, मात्र डोळ्यांना व बोटांना त्रास अधिक.

पडद्यामागच्या जागेला इंग्रज हौशी मंडळींनीं एक खटपटीचें नांव दिलें आहे. आपल्याकडे त्याला सुंदर व जुना शब्द आहे, तो म्हणजे नेपथ्य. भरतमुनींनीं नाट्याचे लोकधर्मी व नाट्यधर्मी असे दोन प्रकार सांगितले. लोकव्यवहार जसा असेल तसा दाखविणें हें लोकधर्मी. संकेतानें सुचविणें हें नाट्यधर्मी. रंगभूमीवर पात्रानें चार पावलें परिक्रमा केली कीं तें एका नगरांतून दुसऱ्या नगरांत पोंचलें, हें प्रेक्षक मान्य करतात. छोट्या रेल्वेचें रहस्य या दोन धर्मांच्या योग्य मिश्रणांत आहे. डबा, फलाट, सिग्नल हीं लोकधर्मी असावींत. त्यांत खिडकीची जाळीसुद्धां चुकतां कामा नये. अंतर मात्र नाट्यधर्मीच असलें पाहिजे. मिरज ते कोल्हापूर हें सुमारें ४७ किलोमीटरांचें अंतर ८७ पट लहान केलें तरी ५४० मीटर होतें. तें कोणाच्या घरांत मावणार? गाडी फलाट सोडून पडद्याआड गेली कीं ती वळिवड्याला, रुकडीला, हातकणंगल्याला, जयसिंगपुराला गेली असें मानावयाचें. हीं गांवें मांडण्याची गरज नाहीं. त्यांचीं नांवें फलाटावरील फळ्यावर लिहिलीं व गाडी परत येण्यास योग्य वेळ लावला, म्हणजे पुरे.

योग्य वेळ हा शब्द महत्त्वाचा आहे. नवशिक्याची गाडी हटकून फार वेगानें धांवते. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी ८७ पट लहान केली, तर ती सेकंदास एकोणीस सेंटिमीटर चालली पाहिजे. फलाटांत शिरतांना पांच सेंटिमीटरही पुष्कळ झाले. प्रथम हा वेग कंटाळवाणा वाटतो. पण शेवटच्या स्टेशनांत करमणुकीला तोटा नसतो. गाडी आली कीं इंजिन डब्यांच्या व बफरांच्या मध्यें कोंडलें जातें. तें सोडवावयाचें, सांधा बदलून शेजारच्या रुळावरून मागें न्यावयाचें, दुसऱ्या टोकास आणून जोडावयाचें; सिग्नल पडल्यावर मग कोठें गाडी सुटणार. ज्या घरीं हें वेळापत्रकानुसार होतें, तेथें बापलेक, आजोबा-नात असे दोघे जण अर्धा तास गुंतून राहतात. सरळ मार्गाचा आणखी एक लाभ असा कीं विजेचे घोटाळे टळतात. दोन रुळांच्या साध्या बारा व्होल्टच्या पद्धतींत एक रूळ धन व दुसरा ऋण असतो. मार्ग वळून स्वतःसच येऊन मिळाला तर दोन्ही एकमेकांस भिडतात व वीज बंद पडते. शेवटच्या स्टेशनाच्या मांडणींत हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

या कलेचे जे श्रेष्ठ नमुने जगांत मानले जातात, त्यांकडे पाहिलें तर हेंच तत्त्व दिसून येतें. इंग्लंडांत पीटर डेनी या धर्मोपदेशकानें दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत बकिंगहॅम शाखेची रेल्वे रचण्यास आरंभ केला व जन्मभर ती वाढविली. बकिंगहॅम गांव खरें. पण डेनीनें ज्या कंपनीच्या गाड्या तेथें आणल्या त्या कंपनीचा रूळ त्या गांवास कधींच गेला नव्हता. तरीही ती रेल्वे खरी वाटते, कारण तिच्यांतील प्रत्येक डबा एडवर्ड राजाच्या काळचा आहे आणि प्रत्येक गाडी वेळापत्रकाप्रमाणें येते व जाते. अविश्वसनीय शक्यतेपेक्षां विश्वसनीय अशक्यता कवीनें पत्करावी, हा अॅरिस्टॉटलचा उपदेश तेथें मूर्तिमंत झाला आहे. दुसरा नमुना लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयाचा. रॉय इंग्लंड नांवाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ सालीं इंग्लंडला आला. तेथील गवती छपरांचीं जुनीं घरें भराभर नाहींशीं होतांना पाहून तो अस्वस्थ झाला व त्या प्रदेशाचें १९२०-३० च्या सुमाराचें रूप प्रतिकृतींत जतन करण्याचें त्यानें मनावर घेतलें. १९५४ सालीं तें संग्रहालय स्थापन झालें. तेथें रेल्वे आहे, पण रेल्वेपेक्षां मोठी अशी एक गोष्ट आहे: नष्ट होणाऱ्या जीवनाविषयींची तळमळ.

आपल्याकडे पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलें आहे. वाफेच्या गाडीपासून वेगवान विजेच्या गाडीपर्यंत, डोंगर चढणाऱ्या गाडीपासून टांगत्या गाडीपर्यंत नाना प्रकार तेथें एकाच नगरांत चालतांना दिसतात. दिवे लागतात, रात्र होते, मुलांचे डोळे विस्फारतात. एका महाराष्ट्रीय गृहस्थानें केवळ हौसेनें एवढा व्याप उभारावा, याचें मोल फार आहे; या विषयाची गोडी कित्येक घरांना तेथेंच लागली असेल. परंतु तो महोत्सव आहे, आणि महोत्सव घरीं आणतां येत नाहीं. तेथून परतलेला मुलगा घरच्या सहा फुटी टेबलावर डोंगर, बोगदा, टांगती गाडी व सर्कस हें सर्व एकदम मांडूं पाहतो आणि दोन महिन्यांत निराश होतो. महाकाव्य वाचून आल्यावर पहिल्या प्रयत्नांत महाकाव्यच लिहावयास बसूं नये. चार ओळींची ओवी नीट साधली तरी पुरे. पुण्याच्या संग्रहालयांतून उत्साह घ्यावा, मांडणीचा धडा मात्र आपल्या गांवच्या स्टेशनावर जाऊन घ्यावा.

तेथें काय पाहावें? माणसें. उतारूंच्या गाडीचा खरा विषय उतारू आहे, आणि घरगुती रेल्वेंत नेमका तोच विसरला जातो. हजारों रुपयांची गाडी फलाटास लागते आणि तिच्या प्रकाशित खिडक्यांतून रिकामीं बाकें दिसतात. फलाटावर उभीं असतात तीं परदेशी पेटींतलीं, लांब कोट घातलेलीं चार माणसें. साडेपांच फुटी मनुष्य या प्रमाणांत एकोणीस मिलिमीटर उंच होतो. एवढ्याशा आकृतीवर फेटा, नऊवारीचा काष्टा, डोक्यावरचें गांठोडें दाखवितां येतें काय? येतें. बारीक कुंचल्याचे तीन ठिपके त्याला पुरतात. पण ते तीन ठिपके कोठें द्यावे हें ज्यानें फलाटावर उभें राहून माणसें पाहिलीं त्यालाच कळतें. पहाटेच्या पॅसेंजरचे उतारू निराळे, रात्रीच्या मुंबईच्या गाडीचे निराळे. सोडावयास आलेल्यांची गर्दी कोणत्या गाडीला असते व कोणत्या गाडीला मुळींच नसते, हें ज्याला ठाऊक आहे त्याची गाडी खरी.

आणि येथेंच या पोरखेळाचें गांभीर्य आहे. नांवाजलेल्या गाड्यांचा इतिहास लिहिला जातो, त्यांचीं छायाचित्रें निघतात. गांवोगांव थांबणाऱ्या साध्या गाडीचा इतिहास लिहिण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. भारतीय रेल्वेंतील तिसरा वर्ग १९७४ सालीं गेला. पेरांबूरच्या कारखान्यांतून जुन्या नमुन्याचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्यें बाहेर पडला. ज्या डब्यांतून तीन पिढ्या शाळेला, लग्नाला, नोकरीला आणि अंत्यदर्शनाला गेल्या, तो डबा आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा होत आहे. कोल्हापूरची मीटर गेजची गाडी तर पूर्वींच गेली. प्रस्तुत लेखकाची पिढीही ब्रॉड गेजनंतरचीच. ज्यांनीं ती गाडी जाणत्या वयांत पाहिली ते आज साठी ओलांडून गेले आहेत. डब्यांत बाकें आडवीं होतीं कीं उभीं, खिडकीला गज किती, कंदील कोठें टांगलेला असे, डब्याचा रंग उन्हांत कसा दिसे, हें सांगणारीं माणसें अजून घरोघर आहेत. त्यांना कोणी विचारीत नाहीं, कारण विचारण्याचें निमित्त नसतें. छोटी गाडी हें तें निमित्त होऊं शकेल. नातवानें वही घेऊन आजोबांपुढें बसावें आणि डब्याचें चित्र काढून घ्यावें. आजोबांनीं "दार इतकें रुंद नव्हतें" म्हणून तें दोनदां खोडावें. असें झालें तर गाडी रुळावर येण्यापूर्वींच तिचें अर्धें काम झालें असें समजावें.

परदेशी सामग्रीवांचून हें कसें होणार, अशी शंका कोल्हापुरांत तरी कोणी काढूं नये. बाबूराव पेंटर यांनीं चित्रपटाचा कॅमेरा याच गांवांत स्वतः तयार केला व 'सैरंध्री' १९२० सालीं लोकांपुढें आली. उद्यमनगरांतील ओतारी व सांचे करणारे कारागीर, हुपरीचे चांदीकाम करणारे हात, यांना साडेचोवीस सेंटिमीटरांचा एक डबा जड नाहीं. अडचण हातांची नाहीं, नजरेची आहे. आपली गाडी अनुकरणास योग्य आहे, हें आपल्यालाच वाटत नाहीं. परदेशीं लेखकांनीं वर्णिलेलें धुकें आपल्या कवितेंत आणणारांस आपण हंसतों. परंतु परदेशी गाडी आपल्या घरांत फिरतांना पाहून आपणांस कांहींच विसंगत वाटत नाहीं.

म्हणून नवशिक्यास आमची सूचना एवढीच: एक भिंत, एक फलाट, दोन सांधे, एक इंजिन, चार डबे आणि एक साल. पहिल्या वर्षीं याहून अधिक कांहीं घेऊं नये. फलाटावर पंचवीस माणसें उभीं करावीं व त्यांतील प्रत्येकास कोठें जावयाचें आहे, हें आपणांस ठाऊक असावें. घरीं आलेल्या पाहुण्यानें गाडीच्या वेगाचें कौतुक केलें तर समजावें कीं अजून काम पुरें झालेलें नाहीं. त्यानें जर फलाटाकडे पाहून "ही गाडी रुकडीला थांबते ना?" असें विचारलें, तर मात्र रेल्वे तयार झाली.